रोज खिशात ठेवायला चार्जिंगची जोरदार बॅटरी (टॉर्च): घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

नंदगड_फाटा

नमस्कार मंडळी. रोज खिशात राहील अशी चार्जिंगची, जोरदार उजेडाची बॅटरी घ्यायची आहे. मोबाईलच्या उजेडावर काम भागत नाही. वापर असा: थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की उसाला पाणी पाजायला जाणं. म्हणजे बांधावरून अर्धा-पाऊण तास चालणं आणि पंपाच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीसमोर पाच-दहा मिनिटं. शिवाय खानापूर-नंदगड रस्त्यावर रात्री दुचाकी अडली तर. जून ते सप्टेंबर पाऊस डोक्यावर धरूनच चला.

लांबी १३ सेंटिमीटरच्या आत, सेलसकट वजन १५० ग्रॅमच्या आसपास आणि बजेट ३,००० रुपयांपर्यंत. तीन बघून ठेवल्यात:

पहिली झूम होणारी, डब्यावर ९९,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप), आत '९,९०० एमएएच' (सेलची साठवण) लिहिलेला १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब). सगळ्यात स्वस्त.

दुसरी ३,००० लुमेनची, २१७०० सेल (५,००० एमएएच), मागे चुंबकानं चिकटणारी कंपनीची खास चार्जिंग वायर. सेलही त्यांचाच खास, बाहेरचा चालत नाही म्हणतात.

तिसरी १,२०० लुमेनची, साधा १८६५० (३,५०० एमएएच), अंगातच यूएसबी-सी, बाजूला बटण, मागे लोहचुंबक, उजेड ५,००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप).

मन दुसरीकडं ओढतंय, कारण लुमेन अडीचपट. पण जाणकार तिसरीचं नाव घेतात. का ते समजत नाही. घेण्याआधी काय बघायचं आणि हातात आल्यावर घरी काय तपासायचं, दोन्ही सांगा.

लेथ_उद्यमबाग

पहिली आत्ताच यादीतून काढा. चांगली एलईडी आणि तिचं सर्किट मिळून एका वॅटमागं साधारण १०० लुमेन देतात. मंद उजेडावर थोडे जास्त, पूर्ण जोरावर कमी. ९९,००० लुमेनला ९९० वॅट लागतील, म्हणजे घरातली इस्त्री. ती अंगठ्याएवढ्या सेलवर चालत नाही. १८६५० आकारात चांगल्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास असते. ९,९०० लिहिलेला सेल हमखास खोटा. असा सेल वजनकाट्यावर टाकून बघा: खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर आत काय आहे ते वेगळं सांगायला नको.

आता हाच हिशेब दुसरी आणि तिसरीला लावा. ५,००० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे १८ वॅट-तास, वॅटला १०० लुमेन धरले तर १,८०० लुमेन-तास. तिसरीचे ३,५०० एमएएच म्हणजे १२.६ वॅट-तास, १,२६० लुमेन-तास. बॅटरीच्या पोटात एवढीच शिदोरी आहे. ३०० लुमेनवर चालवली तर दुसरी सहा तास, तिसरी चार तासांवर थोडी. ३,००० लुमेनवर दुसरी कागदावर ३६ मिनिटं. आणि कागदावरच, कारण तेवढा वेळ उष्णता चालू देत नाही.

३,००० लुमेनला ३० वॅट जातात, त्यातले २० तरी उष्णता होऊन अंगात मुरतात. ॲल्युमिनियमचं अंग १०० ग्रॅम धरा. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशानं तापायला ०.९ ज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला ०.२२ अंश, मिनिटाला १३. बाहेर २८ अंश असताना दोन मिनिटांत अंग ५४ वर. हातात धरवत नाही, आणि सेललाही ते मानवत नाही. म्हणून आतलं सर्किट दोन-तीन मिनिटांत जोर उतरवतं. ज्या बॅटरीत हा उतार नाही तीच धोक्याची.

मुठीत मावणारं अंग, वारा नसताना, पाच-सहा वॅट उष्णता बाहेर टाकू शकतं. म्हणजे कायम मिळणारा उजेड ५०० ते ८०० लुमेन. दहाव्या मिनिटाला तुमची दुसरी ७००-८०० वर आणि तिसरी ५०० वर आलेली असेल. डोळ्याला हा फरक जेमतेम कळतो, कारण उजेड दुप्पट 'वाटायला' लुमेन चौपटीच्या जवळ लागतात. अडीचपटीची किंमत तुम्ही पहिल्या दोन मिनिटांसाठी मोजणार.

डब्यावर 'एएनएसआय एफएल-१' असं लिहिलं असेल तर आकडे एका ठरलेल्या रीतीनं मोजलेत एवढा अर्थ. उजेड चालू केल्यानंतर ३० सेकंदांपासून मोजतात. आणि चालण्याचा वेळ कधीपर्यंत धरतात? उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '३,००० लुमेन, ३ तास' यात तीन मिनिटं ३,०००, मग तासभर ७००, आणि शेवटी ३००-४०० वर घरंगळत जाणं हे सगळं बसतं. त्यामुळे आकडा सोडा, आलेख मागा. कंपनीच्या पानावर वेळ आणि उजेडाचा आलेख नसेल तर निदान मधल्या पायरीचे लुमेन आणि वेळ बघा. रोज वापरली जाणार तीच पायरी.

बांधावरची_माती

वरच्या हिशेबात सगळं आलं, पण झोत कसा पडतोय ते राहिलं बघा. दोन बॅटऱ्या ५०० लुमेनच्याच, एक लांब मारतीय आणि एक जवळ पसरतीय, तर काम पूर्ण वेगळं होतंय.

लांबचा अंदाज कँडेलावरून (झोताच्या मधल्या तेजाचं माप) येतोय. कँडेलाचं वर्गमूळ काढा, दोननं गुणा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर. पण तिथं पडणारा उजेड ०.२५ लक्स, म्हणजे पुनवेच्या चांदण्याइतका. काहीतरी उभं आहे एवढं कळतंय. गवा आहे का म्हैस हे ओळखायचं तर निम्म्यापेक्षा जास्त अंतर धरू नका.

बांधावर चालायला लांबचा झोत उलट त्रासच देतोय. मधला ठिपका इतका पांढरा पडतो की त्याच्या कडेचं दिसत नाही, आणि पाय तर कडेलाच पडतोय. तिथं १०० ते १५० लुमेनचा पसरट उजेड बास. आतला आरसा गुळगुळीत असेल तर ठिपका टोकदार, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर मऊ. तुमच्या कामाला खडबडीत आरसा नाहीतर प्लास्टिकची भिंगाची लेन्स घ्या.

रंगाचं महत्त्व शहरातल्या माणसाला कळत नाही. उसाच्या पाचटावर घोणस किंवा फुरसं बसलं तर तपकिरीवर तपकिरी. ६,५०० केल्विनच्या निळसर उजेडात दोन्ही एकसारखं राखाडी दिसतंय. ४,००० ते ५,००० केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० पैकी) ९० च्या वर असेल तर अंगावरचे ठिपके वेगळे उठतात. पेटीतल्या वायरींचंही तेच: हलक्या एलईडीखाली लाल फेज मळका तपकिरी दिसतो. सीआरआय ९० ची एलईडी त्याच विजेवर थोडे लुमेन कमी देती, ते चालतंय की. आणि उजेडानं साप पळतोय हे डोक्यातनं काढा. गमबूट आणि काठी सोबत पाहिजेच.

धरायची उंची: कमरेला किंवा गुडघ्याजवळ. डोक्यावर लावलेल्या बॅटरीत वस्तूची सावली वस्तूच्या मागंच लपती, त्यामुळं खड्डा, दोर, पाइप सगळं सपाट वाटतंय. खालनं उजेड टाकला की सावली लांब पडती आणि उंचसखल लगेच कळतंय.

पंपाच्या खोलीत मागचं चुंबक फार कामाचं. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटवली की दोन्ही हात मोकळे. फक्त ज्यांची रोजीरोटी वर्कशॉपमध्ये आहे त्यांनी चुंबकाची घेऊ नये, लोखंडाचा कीस गोळा होऊन पोर्टमध्ये शिरतोय.

फुल_चार्ज_४_२

मी सेल आणि चार्जिंगपुरतं बोलतो, कारण बॅटरी मरते ती बहुतेक तिथंच.

दुसरीचा खास सेल हा मोठा दोष समजा. लिथियमचा सेल रोजच्या वापरात तीन-चार वर्षांत उतरतो. तेव्हा तो आकार मिळाला नाही तर चांगलं ॲल्युमिनियम भंगारात. खास सेलच्या एकाच टोकाला धन आणि ऋण दोन्ही काढलेले असतात, म्हणून साधा सेल तिथं बसत नाही. तिसरीत कुठलाही चांगला १८६५० बसतो. सॅमसंग, एलजी, मुराता, मोलीसेल यांचे मूळ सेल विश्वासू विक्रेत्याकडून घ्यावेत. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलला आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर 'आर' नं सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघता येतो.

सेल मागवताना दोन गोष्टी विचारा. डोकं सपाट चालतं की उंचवटा लागतो? काही बॅटऱ्यांत उलटा सेल घातला तर सर्किट जळू नये म्हणून धन टोकाभोवती प्लास्टिकची कडी असते, त्यात सपाट डोक्याचा सेल टेकतच नाही. दुसरं, संरक्षक सर्किट लावलेला सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर होतो. बेतशीर नळीत तो कोंबला तर स्प्रिंग चेपते आणि सेलच्या बुडाची चकती दबते.

खास चुंबकी वायरबद्दल: वायर हरवली की बॅटरी बंद, आणि तालुक्याच्या दुकानात ती मिळायची नाही. शिवाय काही स्वस्त बॅटऱ्यांत मागची दोन पितळी टोकं जिवंत असतात. किल्लीचा जुडगा चिकटला की शॉर्ट. चांगल्या कंपन्या तिथं डायोड किंवा सर्किट ठेवतात. मल्टिमीटर लावून त्या टोकांवर व्होल्ट येतात का बघा. शून्याच्या जवळ पाहिजे.

यूएसबी-सीतही एक गोम आहे. पोर्टच्या सीसी-१ आणि सीसी-२ या दोन पायांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो वाचवलेला असेल तर दोन्हीकडं सी असलेल्या वायरीवर बॅटरी चार्जच होत नाही, कारण चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. अशी बॅटरी जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर, ए-ते-सी वायरनं चालते.

चार्ज ०.५ ते १.५ ॲम्पियरवर झाला तर उत्तम. ३,५०० एमएएच एक ॲम्पियरवर भरायला साडेचार तास धरा, शेवटचा तास करंट आपोआप उतरत जातो. ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवूच नका.

टिळकवाडी_सायकल

एवढा खटाटोप कशाला? हार्डवेअरच्या दुकानात मागं पिना बाहेर येणारी बॅटरी मिळते, थेट प्लगमध्ये खोचायची. चांगली चालते की.

फुल_चार्ज_४_२

चालते, दोन अटींवर. त्यात बहुधा ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडली की पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि पुन्हा भरत नाही. म्हणून वापर असो-नसो, महिन्यातून एकदा चार्ज करावी लागते. आणि स्वस्तातल्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरनं व्होल्टेज पाडलेलं असतं. म्हणजे आतली प्रत्येक तार मेन लाईनला जोडलेली. प्लगमध्ये असताना बटण दाबू नका, अंग फुटलेलं असेल तर हात लावू नका, पावसात भिजलेली वाळल्याशिवाय खोचू नका. घरात लाईट गेल्यावर वापरायला ठीक. खिशात घालून ओल्या बांधावर न्यायला नको.

कणकुंबी_छत्री

पाण्याबद्दल. डब्यावर आयपीएक्स४ असेल तर फक्त शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाला आणि पाटात हातून पडायच्या शक्यतेला आयपीएक्स७ च्या खाली जाऊ नका. आयपीएक्स८ असेल तर किती मीटर ते कंपनीनं लिहिलेलं असावं.

पण नवीन बॅटरीचा दर्जा आणि दोन पावसाळ्यांनंतरचा दर्जा यात फरक पडतो, आणि त्याचं कारण ओ-रिंग, म्हणजे आट्यांजवळचं रबरी कडं. पाणी आत जातं ते बहुधा असं: पूर्ण जोरावर चालवून अंग ५० अंशांवर जातं, आतली हवा फुगते, थोडी बाहेर पडते. मग थंड पावसाची सर आली की आतली हवा आकुंचन पावते आणि कोरड्या ओ-रिंगच्या कडेनं पाणी ओढून घेते. काचेच्या आत वाफ धरलेली दिसते ती यातूनच. उपाय: पावसाळ्याआधी मागचं टोपण उघडा, आटे सुती कापडानं कोरडे पुसा, ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, त्यानं काही रबर फुगतं. सोबत एक जादा ओ-रिंग येते, ती फेकू नका.

झूमची बॅटरी पावसाला सगळ्यात वाईट. डोकं पुढंमागं सरकवताना ती पिचकारीसारखी हवा ओढते, ओल्या हातात असेल तर पाणीही. वर झूम केल्यावर निम्म्याहून जास्त उजेड आतच अडतो.

चोर्ला घाटात धुकं असेल तर जोर वाढवून उपयोग नाही. थेंबांवरून उजेड परत डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जोर १०० लुमेनवर आणा, बॅटरी गुडघ्याच्या उंचीला धरा, झोत खाली रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर टाका. डोळ्यापासून जितकी दूर तितकं बरं.

नंदगड_फाटा

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. तिसरीच नक्की करतोय. दोन शंका राहिल्या. बाजूचं बटण खिशात दाबलं जाऊन पेटली तर? आणि बंद असतानाही सेल थोडा थोडा उतरतो असं ऐकलंय, ते किती? घरी मोजता येईल का? माझ्याकडं साधा मल्टिमीटर आहे.

लेथ_उद्यमबाग

खिशात पेटणं ही खरी भीती आहे. १,२०० लुमेन कापडाला टेकून पेटले तर उजेड बाहेर न जाता तिथंच उष्णता होतो. सुती विजार करपते, नायलॉनची वितळते. उपाय सोपा: मागचं टोपण पाव फेरा सैल करा. आट्यांवर ॲनोडायझिंग केलेलं असेल तर तो थर वीज वाहू देत नाही, म्हणून पाव फेऱ्यातच मार्ग तुटतो आणि बटण दाबून काही होत नाही. आटे उघडे चकचकीत असतील तर ही युक्ती चालत नाही, मग बटणाचं इलेक्ट्रॉनिक कुलूप वापरावं लागतं. घेण्याआधी टोपण उघडून आट्यांचा रंग बघा. अंगासारखा काळा-राखाडी असेल तर ॲनोडायझिंग आहे. मात्र सैल टोपणानं ओ-रिंगची पकड कमी होत नाही ना, तेही बघा. पाव फेऱ्यात सहसा होत नाही.

बंद असताना उतरणं मोजायचं असं. मागचं टोपण काढा. मल्टिमीटर आधी १० ॲम्पियरच्या पट्टीवर ठेवा. काळी टोचणी सेलच्या उघड्या ऋण टोकाला, लाल टोचणी नळीच्या कडेच्या उघड्या, चकचकीत धातूला. काळ्या रंगाच्या भागाला टेकवली तर काहीच दिसणार नाही. टेकवताच क्षणभर करंट उसळतो, म्हणून आधी मोठी पट्टी. शांत झाल्यावर मायक्रोॲम्पियरवर या. या वेळी बॅटरीचं बटण चुकूनही दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

५० मायक्रोॲम्पियरच्या आत असेल तर विसरून जा, त्याआधी सेल आपल्याआप उतरतो. १ मिलिॲम्पियर दिसला तर ३,५०० एमएएचचा सेल ३,५०० तासांत, म्हणजे पाच महिन्यांच्या आत रिकामा. रोज वापरात असेल तर चालून जाईल, पण कपाटात ठेवायची झाली तर टोपण सैल केल्याशिवाय ठेवू नका. बटणाखाली सतत जळणारा छोटा दिवा असेल तर आकडा त्यामुळं वाढतो, काहींत तो बंद करता येतो.

उजेडाचा उतार मोबाईलवर मोजता येतो. लक्स मीटरचं कुठलंही मोफत ॲप घ्या. रात्री खोली बंद, पंखा बंद. बॅटरी टेबलावर उभी, झोत छताकडं. मोबाईल दीड-दोन मीटरवर, स्क्रीनची बाजू वर करून ठेवायचा, पुन्हा हलवायचा नाही. सेल पूर्ण भरलेला. चालू करून ३० सेकंदांचा आकडा लिहा, तो १०० टक्के. मग १, ३, ५, १०, २० आणि ३० व्या मिनिटाचे आकडे. मोबाईलचा सेन्सर खरे लक्स सांगत नाही, पण टक्केवारी बरोबर येते. आकडा पायरीनं उतरून मग सपाट राहिला तर सर्किट चांगलं. पहिल्या मिनिटापासून सारखा घसरतच राहिला तर सेलचं व्होल्टेज उतरेल तसा उजेड उतरणारं स्वस्त सर्किट आहे. मोबाईलचा कॅमेरा झोताकडं धरून मधल्या पायरीवर पट्टे हलताना दिसले तर उजेड झपझप चालू-बंद होतोय, फिरत्या पंख्याकडं बघताना त्याचा त्रास होतो.

कणकुंबी_छत्री

यात पाण्याची चाचणीही घाला. सेल काढा, आत टिश्यू पेपरची गुंडाळी ठेवा, टोपण घट्ट, पोर्टचं रबरी झाकण घट्ट, अर्धा तास भरल्या बादलीत. बादली एक मीटर नसते, तरी ढिली ओ-रिंग लगेच पकडली जाते. बाहेर काढल्यावर अंग आधी पूर्ण पुसून मगच उघडा, नाहीतर आट्यांतलं पाणी कागदावर पडून फसगत होते. झाकणाआडचं पोर्ट भिजलेलं असेल तर चार्ज करू नका, दिवसभर उघडं वाळू द्या.

बांधावरची_माती

दोन बारक्या गोष्टी. भगभग उघडझाप होणारा स्ट्रोब पहिल्याच दाबात येत असेल तर ती बॅटरी नको. अंधारात नेमका तोच लागतोय, आणि समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यावर गेला तर तो खड्ड्यात. गवा किंवा हत्ती दिसला तर झोत जमिनीवर घ्या, मागं सरका, स्ट्रोब मारून बिथरवू नका. आणि भीमगड अभयारण्याच्या बाजूला रात्री झाडीत झोत फिरवत बसू नका. शिकारीला बसलाय असा संशय वनखात्याच्या माणसाला आला तर त्यात त्याची चूक नाही.

पुणे_फेरी

सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) विमानानं जाणार असाल तर जादा सेल हातातल्या पिशवीत, प्लास्टिकच्या डबीत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या (चेक-इन) सामानात सुटा लिथियम सेल चालत नाही.

नंदगड_फाटा

तिसरी आली. सांगितल्याप्रमाणं सगळं तपासलं. ३० सेकंदांना १०० धरलं तर १ मिनिटाला ९४, तिसऱ्या मिनिटाला ५१, पाचव्याला ४३, तिथून तिसाव्यापर्यंत ४२-४३. बंद असताना २८ मायक्रोॲम्पियर. कागद कोरडा. आटे काळे आहेत, पाव फेऱ्यात बंद होते. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल बाहेर काढून मोजला: ४.१७ व्होल्ट. पण मोबाईलच्या सी-ते-सी वायरनं अजिबात चार्ज होत नाही, ए-ते-सी वायरनं होते. परत करू का?

फुल_चार्ज_४_२

आकडे चांगले आहेत. ४३ टक्के म्हणजे ५०० लुमेनच्या वर, सपाट. त्या अंगाला तेवढंच शक्य आहे. ४.१७ ही योग्य. ४.२५ च्या वर गेली असती तर त्याच दिवशी परत पाठवा म्हणालो असतो.

वायरीची अडचण म्हणजे ते ५.१ किलोओहमचे रेझिस्टर नाहीत. विक्रेत्याच्या पानावर 'सी-ते-सी चालते' असं लिहिलेलं असेल तर बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे. लिहिलेलं नसेल तर एवढ्यासाठी परत करू नका. पाचशेच्या आत मिळणारा साधा ५ व्होल्ट २ ॲम्पियरचा चौकोनी तोंडाचा चार्जर आणि ए-ते-सी वायर पंपाच्या खोलीत न ठेवता घरी ठेवा, कारण मोटर चालू-बंद होताना तिथलं व्होल्टेज उड्या मारतं आणि स्वस्त चार्जर आधी जातो. पॉवर बँकेच्या ए तोंडातूनही होईल. फक्त काही पॉवर बँका करंट १०० मिलिॲम्पियरच्या खाली गेला की स्वतः बंद होतात, त्यामुळं शेवटचे दोन-चार टक्के राहतात. त्यानं सेलचं नुकसान नाही, उलट ४.१ वर थांबलेला सेल जास्त वर्षं टिकतो.

जादा सेल घेणार असाल तर आत्ताच त्याच मापाचा घ्या आणि अर्धा भरून, ३.७ ते ३.८ व्होल्टवर, डबीत ठेवा. वेष्टन कुठं फाटलंय का ते दर वेळी बघा, विशेषतः धन टोकाच्या कडेला. तिथं धन टोक आणि ऋण अंग यांच्यामध्ये तेवढाच कागदी पातळ थर असतो. फाटलं तर नवीन वेष्टन हेअर ड्रायरनं चढवता येतं. आणि कधी २.५ व्होल्टच्या खाली सापडला तर पुन्हा चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, ई-कचऱ्यात द्या.